कोवळ्या हेवीवेटला सुरुवातीलाच कठीण लढत द्यावी का?

रात्रपाळी_लोअरपरळ (धागालेखक)

ऑगस्ट २०२५ मध्ये रियाधला मुष्टियुद्धाच्या हेवीवेट (सर्वांत वरच्या वजनाच्या) गटात मोझेस इटाउमाने डिलियन व्हाइटला पहिल्याच फेरीत, दोन मिनिटेही पुरी होऊ न देता, संपवले. इटाउमा तेव्हा वीस वर्षांचा होता. तेरा लढती, तेरा विजय आणि त्यांतले अकरा नॉकआउट त्याच्या नावावर जमा झाले होते. आमच्या रात्रपाळीत ज्यांनी ती लढत मोबाइलवर पाहिली, त्यांच्यात तेव्हा सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही, म्हणून तो येथे मांडतो.

व्हाइट हा काही ऐरागैरा नव्हता. डिसेंबर २०१५ मध्ये लंडनला याच व्हाइटने अँथनी जोशुआला दुसऱ्या फेरीत डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) हलवले होते. तोवर जोशुआच्या चौदाही लढती तीन फेऱ्यांच्या आत संपल्या होत्या. त्या रात्री त्याला प्रथमच सातव्या फेरीपर्यंत जावे लागले, पाय जड झालेले असताना डोके थंड ठेवावे लागले, आणि मग अपरकटने (खालून वर मारलेल्या ठोशाने) त्याने लढत जिंकली. पुढे एप्रिल २०१७ मध्ये वेम्ब्लीवर व्लादिमिर क्लिच्कोने त्याला सहाव्या फेरीत खाली पाडले, तरी तो उठला आणि अकराव्या फेरीत जिंकला. क्लिच्कोसमोर उठण्याची तयारी व्हाइटने करून दिली होती, असे माझे मत आहे.

माझा प्रश्न असा की, ज्याचा ठोसा इतका जबर आहे की समोरचा उभाच राहत नाही, अशा तरुण हेवीवेटसाठी पहिल्या दोन-तीन वर्षांत एखादी खरोखर कठीण लढत मुद्दाम शोधावी का? की असा धोका पत्करणे म्हणजे निव्वळ अविचार?

माहीमचा_खाडीवारा

शोधावी, यात मला शंका नाही. इतिहासातले जवळजवळ सगळे मोठे हेवीवेट अशा एखाद्या रात्रीतून गेलेले आहेत. जो फ्रेझियर सप्टेंबर १९६६ मध्ये ऑस्कर बोनावेनासमोर दुसऱ्याच फेरीत दोनदा खाली गेला. न्यूयॉर्कच्या नियमांनुसार त्या फेरीत तिसऱ्यांदा पडला असता तर लढत तिथेच संपली असती. तो उठला, पुढच्या आठ फेऱ्या लढला आणि पंचांच्या विभागलेल्या निर्णयाने जिंकला. त्याला व्यावसायिक होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. टायसन फ्युरीलाही एकविसाव्या वर्षी, सप्टेंबर २००९ मध्ये, जॉन मॅकडरमॉटने इतके सतावले की ९८-९२ असा त्याच्या बाजूने लागलेला निकाल अनेकांना आजही पटत नाही. पुढच्या वर्षी झालेल्या दुसऱ्या लढतीत फ्युरीने तोच मॅकडरमॉट नवव्या फेरीत थांबवला. दोन लढतींमधला फरकच सांगतो की मधल्या काळात काहीतरी शिकले गेले.

पावणेतीनची_लोकल

आमच्याकडे कठीण लढत म्हणजे सकाळी ८:१० ची विरार फास्ट अंधेरीला पकडणे. तीत एकदा चढलेल्या माणसाला क्लिंच (समोरच्याला मिठीत धरून अडवणे) म्हणजे काय, हे कोणत्याही प्रशिक्षकाने शिकवावे लागत नाही.

अर्धविराम

माहीमकरांच्या प्रतिसादात एक जुना दोष आहे, तो आदरपूर्वक दाखवतो. जे पुढे विश्वविजेते झाले त्यांच्याच आरंभीच्या कठीण लढती आपल्याला आठवतात. जे त्या लढतीनंतर संपले, त्यांची नावे आपण विसरतो आणि मग म्हणतो की कठीण लढत माणसाला घडवते.

डेव्हिड प्राइस हे नाव किती जणांना आठवते? २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलेला, साडेसहा फुटांहून उंच, पंधरा लढतींत अपराजित. फेब्रुवारी २०१३ मध्ये चाळिशी ओलांडलेल्या टोनी थॉम्पसनने त्याला दुसऱ्या फेरीत पाडले. पाचच महिन्यांनी, जुलैमध्ये, त्याला पुन्हा त्याच थॉम्पसनसमोर उभे केले गेले आणि तो पाचव्या फेरीत हरला. ज्याच्याकडून विश्वविजेतेपदाची अपेक्षा होती, तो तिथपर्यंत कधीच पोहोचला नाही.

मायकेल ग्रँटचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे, कारण तो हरला नव्हता. नोव्हेंबर १९९९ मध्ये आंद्रेइ गोलोटाने त्याला पहिल्या फेरीत दोनदा पाडले. ग्रँट उठला, चिकाटीने लढत राहिला आणि दहाव्या फेरीत गोलोटाने माघार घेतली. सगळ्यांनी त्याच्या हिमतीचे कौतुक केले. पुढच्या एप्रिलमध्ये लेनॉक्स लुईसने त्याला दोन फेऱ्यांत संपवले. गोलोटाने जे भगदाड दाखवले होते ते बुजवलेच गेले नव्हते, कारण विजय मिळाल्यावर भगदाड कोण पाहतो?

माहीमचा_खाडीवारा

अर्धविराम, मुद्दा मान्य करण्यासारखा आहे. पण मग ब्रिटनच्या डॅनियल ड्युबॉइसचे काय? नोव्हेंबर २०२० मध्ये जो जॉयससमोर डाव्या डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले, म्हणून दहाव्या फेरीत त्याने गुडघा टेकला आणि मोजणी पूर्ण होऊ दिली. तो तेव्हा २३ वर्षांचा होता. अनेक माजी मुष्टियोद्ध्यांनी त्याला पळपुटा ठरवले. त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये केविन लेरेनाने त्याला पहिल्याच फेरीत तीनदा खाली घातले, तरी तिसऱ्या फेरीत तो जिंकला. २०२३ मध्ये तेव्हाचा विश्वविजेता उसिक याच्याकडून हरला. आणि त्यानंतर मिलर, हर्गोविच आणि सप्टेंबर २०२४ मध्ये वेम्ब्लीवर खुद्द जोशुआ, असे तिघे त्याने एकामागून एक थांबवले. तुमच्या हिशेबाने तो २०२० मध्येच संपायला हवा होता.

कोपऱ्यातले_स्टूल

दोघांच्याही उदाहरणांत लढतीइतकेच महत्त्व त्यानंतरच्या महिन्यांना आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष होते आहे.

प्राइसला पाचच महिन्यांत त्याच माणसासमोर परत नेले. ड्युबॉइसने पुनरागमनासाठी सहा महिन्यांहून अधिक वेळ घेतला, समोर तुलनेने सोपा प्रतिस्पर्धी घेतला आणि मधल्या वर्षांत प्रशिक्षकही बदलले. शेवटी डॉन चार्ल्स यांच्या हाताखाली त्याचे बस्तान बसले. यशापयशाचे सगळे श्रेय कोपऱ्यालाच, म्हणजे प्रशिक्षकांनाच, द्यावे असे मी म्हणत नाही, पण कठीण लढत फक्त दोष उघडा करते. तो दोष दुरुस्त करण्याचे काम दुसऱ्या दिवसापासून, रिकाम्या व्यायामशाळेत, प्रेक्षक नसताना होते.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण जो लुईसचे आहे. जून १९३६ मध्ये मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत नॉकआउट केले. श्मेलिंगच्या आधीच लक्षात आले होते की लुईस जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारल्यावर डावा हात खाली आणतो आणि त्या क्षणी त्याच्या जबड्यापर्यंत उजव्या हाताला वाट मोकळी मिळते. लुईस तेव्हा २२ वर्षांचा होता. त्याचे प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्न यांनी त्या डाव्या हातावर काम केले. साधारण एका वर्षाने, २२ जून १९३७ रोजी, लुईस विश्वविजेता झाला आणि त्यानंतरच्या २२ जूनला त्याने श्मेलिंगला पहिल्याच फेरीत संपवले. विजेतेपद त्याच्याकडे १९४९ पर्यंत राहिले.

दोष एकच, नेमका आणि हाताने दाखवता येण्याजोगा होता, हे त्याचे भाग्य. सगळ्यांचे दोष असे नसतात.

चिंचपोकळी७४

स्टूलराव, आपला प्रतिसाद उत्तम आहे, परंतु दोष दुरुस्त होतोच, या गृहीतकाशी मी सहमत नाही. अलीचाच हिशेब पाहू.

कॅशियस क्ले हे त्याचे नाव असताना, फेब्रुवारी १९६२ मध्ये, सॉनी बँक्सने त्याला पहिल्या फेरीत खाली पाडले. ठोसा होता डावा हुक. जून १९६३ मध्ये लंडनला हेन्री कूपरने त्याला चौथ्या फेरीच्या अखेरीस दोरांपाशी पाडले. ठोसा पुन्हा डावा हुकच. घंटा वाजली नसती तर काय झाले असते यावर इंग्रज माणूस अजूनही रात्र काढू शकतो. कोपऱ्यात अँजेलो डंडी यांनी त्याला शुद्धीवर आणले, फाटलेल्या ग्लोव्हकडे पंचांचे लक्ष वेधले, आणि पाचव्या फेरीत कूपरच्या डोळ्यावरची जखम इतकी वाहू लागली की लढत थांबवावी लागली. आणि मार्च १९७१ मध्ये, पंधराव्या फेरीत, फ्रेझियरने अलीला पाडले ते कशाने? डाव्या हुकने.

नऊ वर्षे, तीन माणसे आणि एकच ठोसा. डोके मागे झुकवून ठोसा चुकवण्याची आणि उजवा हात खाली ठेवण्याची त्याची सवय कोणत्याही कठीण लढतीने गेली नाही. गेली असती तर तो अली राहिला असता का, हाही प्रश्नच आहे, कारण त्याच सवयीत त्याचा वेगही होता. बँक्स आणि कूपर यांनी त्याला एवढेच शिकवले की खाली पडणे म्हणजे शेवट नव्हे, आणि पडल्यावर पुढची तीस सेकंदे कशी घालवायची. पुढे तेव्हाचा विश्वविजेता सॉनी लिस्टन याच्यासमोर डोळ्यांत आग होत असताना, काहीही दिसत नसताना, त्याने पाचवी फेरी काढली ती या शिदोरीवर, असे मला वाटते.

मध्ये डग जोन्सही आहे. मार्च १९६३, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, दहा फेऱ्या, आणि निकालानंतर प्रेक्षकांनी केलेली हुर्यो. त्या रात्री तो पडला नाही, पण सगळ्यांना वाटत होते तितका तो अजिंक्य नाही हे जगाला दिसले. लिस्टनच्या माणसांनाही ते दिसले असणार आणि त्यांनी क्लेला हलक्यात घेतले असणार. कठीण लढतीचा हा एक उलटा फायदा.

तालमीतला_नातू

माझे आजोबा तालमीत वाढलेले. ते सांगत की वस्ताद पोराला तालमीत रोज त्याच्याहून वरचढ गड्याशी खेळवतात, पण मैदानात जोड लावताना बरोबरीचाच पाहतात. तालमीत शंभरदा पाठ लागली तरी कोणी मोजत नाही. मैदानात एकदा चितपट झालेला पैलवान मात्र पुढच्या गावी पोहोचण्याआधी त्याची बातमी तिथे पोहोचते.

मुष्टियुद्धातही हेच करता येणार नाही का? कठीण लढत स्पॅरिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) द्यावी आणि रिंगमध्ये सांभाळून न्यावे. इटाउमासारख्या मुलाने व्यायामशाळेत मोठ्या नावांशी फेऱ्या काढल्या असतील तर त्याला परीक्षेसाठी रिंगचीच काय गरज?

शीवचे_डॉक्टर

तालमीतल्या नातवांना नमस्कार. विचार सुंदर आहे, पण मानेच्या वरच्या भागाला तो लागू होत नाही.

कुस्तीत पाठ लागली तर मानहानी होते, मेंदूला सहसा इजा होत नाही. ठोशाने डोके गर्रकन वळते, कवटी आणि मेंदू एकाच वेगाने फिरत नाहीत, आणि आतल्या सूक्ष्म तंतूंवर ताण येतो. अशी इजा होण्यासाठी शुद्ध हरपावीच लागते असे नाही. मुष्टियोद्ध्याच्या डोक्यावर बसणाऱ्या ठोशांपैकी बराच मोठा भाग लढतीत नव्हे तर स्पॅरिंगमध्ये बसतो, कारण लढती वर्षातून मोजक्या आणि स्पॅरिंग आठवड्यातून अनेकदा. तालमीत कोणी मोजत नाही, असे तुम्ही म्हणालात. मेंदू मोजतो.

हेवीवेटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्यावसायिक मुष्टियुद्धात साधारण ६७ किलोंच्या वरचे सगळे १० औंसांचेच ग्लोव्ह घालतात. म्हणजे ७० किलोंचा माणूस आणि १२० किलोंचा माणूस यांच्या हातावरची गादी सारखीच. हेवीवेटमध्ये ९०.७ किलोंच्या वर वजनाला मर्यादाच नाही. खांदे रुंद होतात, मान जाड होते, पण मेंदू वजनगटानुसार वाढत नाही. म्हणून लाइटवेट मुलाला दहा फेऱ्यांची खडतर लढत देणे आणि हेवीवेट मुलाला देणे, यांत वैद्यकीयदृष्ट्या फार अंतर आहे. ड्युबॉइसने गुडघा टेकला तो निर्णय, माझ्या व्यवसायातल्या बहुतेकांच्या मते, शहाणपणाचा होता. डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडलेले असताना आणि आत रक्तस्राव असताना पुढचा प्रत्येक ठोसा दृष्टीवर बेतू शकतो.

पावणेतीनची_लोकल

पण डॉक्टरसाहेब, १९८९ साली सियालकोटला वकारचा चेंडू नाकावर बसल्यावर आपला सोळा वर्षांचा मुलगा रक्त पुसून उभा राहिला आणि त्याने ५७ धावा केल्या. त्याला त्या दिवशी कोणी आत नेले असते, तर शिवाजी पार्कने सत्याग्रह केला असता.

शीवचे_डॉक्टर

नाक आणि मेंदू या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. शिवाय चेंडू एकदा लागल्यावर वकार पुढे येऊन त्याच जागी आणखी चाळीस ठोसे मारत नव्हता.

भांडुप_ठोसा

मी गेली काही वर्षे उपनगरात हौशी मुलांना शिकवतो. चर्चा लंडन-न्यूयॉर्कची चालू आहे, म्हणून इथले थोडे लिहितो. विषय सोडत नाही, त्याच विषयाची ही आपली बाजू आहे.

वरच्या वजनात आपल्याकडे मुलेच कमी. जिल्ह्याच्या स्पर्धेत हलक्या वजनाच्या गटांत रांग लागते, आणि ९० किलोंच्या वर कधी चार मुले येतात, कधी तीन. एक पुढे चाल मिळून थेट उपांत्य फेरीत जातो, दुसरा समोरच्याला धक्का देऊन पदक घेतो. पदकाचे प्रमाणपत्र हातात आले की घरच्यांना क्रीडा कोट्यातली नोकरी दिसू लागते, मग ती रेल्वेतली असो वा पोलिसांतली. त्यांना दोष देत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहत असतील तर नोकरीच दिसणार. पण परिणाम असा होतो की प्रशिक्षकावर दडपण येते ते सोप्या जोडीचे. मुलगा राज्य पातळीपर्यंत एकही खरी फेरी न लढता पोहोचतो आणि मग राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच दिवशी सेनादलाच्या एखाद्या तयार मुष्टियोद्ध्यासमोर उभा राहतो. ती त्याची पहिली कठीण लढत असते आणि बहुतेकदा शेवटचीही. पहिल्या फेरीत दोनदा मोजणी, टॉवेल, आणि परतीच्या गाडीत तो खिडकीबाहेर पाहत बसतो.

माझ्याकडचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा याच रीतीने हरला. ठोसा उत्तम होता, पण मागे पाय कसा टाकायचा हे त्याला कधी लागलेच नव्हते, कारण त्याला मागे रेटणारे कोणी भेटलेच नव्हते. परत आल्यावर त्याने महिनाभर तोंड दाखवले नाही. नंतर आला तेव्हा आम्ही ठोसा बाजूला ठेवून फक्त पाय आणि क्लिंच यांवर काम केले. तो आजही लढतो. मोठा होईल की नाही हे सांगता येणार नाही, पण आता कोपऱ्यात अडकला तर बाहेर येतो.

म्हणून धागालेखकांना माझे उत्तर असे की, कठीण लढत टाळता येत नाही, ती फक्त पुढे ढकलता येते, आणि जितकी पुढे ढकलाल तितका समोरचा माणूस अधिक मोठा असतो.

अर्धविराम

भांडुपकरांचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वोत्तम आहे. तरीही शेवटच्या वाक्याला एक अपवाद नोंदवतो. डिऑन्टे वाइल्डरने ३२ लढती चार फेऱ्यांच्या आत संपवल्या आणि जानेवारी २०१५ मध्ये पहिल्यांदा पूर्ण बारा फेऱ्या लढला, तीच त्याची विश्वविजेतेपदाची लढत होती आणि ती त्याने गुणांवर जिंकली. त्याने कठीण लढत पुढे ढकलत नेली आणि तरी विजेतेपदाचा पट्टा मिळवला.

कोपऱ्यातले_स्टूल

पट्टा मिळवला, हे खरे. पण फ्युरीने २०२० मध्ये त्याला पुढे येऊन मागे रेटायला सुरुवात केल्यावर वाइल्डरकडे मागे जाताना वापरण्यासारखे काहीच नव्हते. भांडुपकरांच्या मुलाचे आणि वाइल्डरचे दुखणे एकच आहे. फरक इतकाच की वाइल्डरच्या उजव्या हाताने ते दुखणे पाच वर्षे झाकून ठेवले.

चिंचपोकळी७४

दुखण्याचे निदान झाले तरी औषध लागू पडायला किती वेळ लागतो, हे व्लादिमिर क्लिच्कोकडे पाहून कळते. डिसेंबर १९९८ मध्ये कीव्हला, घरच्या प्रेक्षकांसमोर, तेरा पराभव नावावर असलेल्या रॉस प्युरिटीने त्याला अकराव्या फेरीत थांबवले. प्युरिटीने फार काही केले नाही, तो फक्त उभा राहिला आणि क्लिच्को मारून मारून दमला. निदान स्पष्ट होते: दम पुरवून वापरता येत नाही. तरी २००३ मध्ये कॉरी सँडर्सने त्याला दोन फेऱ्यांत पाडले आणि एप्रिल २००४ मध्ये लेमन ब्रूस्टरसमोर तो पाचव्या फेरीत पुन्हा अगदी तसाच गळून गेला. नंतर इमॅन्युएल स्टुअर्ड यांच्याकडे तो जॅब, अंतर आणि क्लिंच यांवर लढू लागला. २००५ मध्ये सॅम्युएल पीटरसमोर तीनदा खाली जाऊनही गुणांवर जिंकला, आणि २००६ पासून २०१५ पर्यंत विजेतेपद त्याच्याकडेच राहिले. प्युरिटीचा धडा त्याच्या अंगी लागायला सहा-सात वर्षे आणि आणखी दोन पराभव लागले.

योगायोग पाहा, हेच स्टुअर्ड १९९४ मध्ये ऑलिव्हर मकॉलच्या कोपऱ्यात होते, जेव्हा मकॉलने लेनॉक्स लुईसला दुसऱ्या फेरीत पाडले. लुईसने पुढे काय केले? त्याने स्टुअर्ड यांनाच आपला प्रशिक्षक नेमले. ज्याने आपले वर्म ओळखले त्यालाच घरी बोलावण्याइतका शहाणपणा फार थोड्यांकडे असतो.

ठाकूरद्वारची_आई

मी या धाग्यावर फक्त वाचत होते. माझा मुलगा अठरा वर्षांचा आहे, वजन ९६ किलो, आणि मागच्या महिन्यात सरावात त्याला जोरात ठोसा बसला. तो पडला नाही, पण रात्री डोके दुखते म्हणत होता आणि दोन दिवस मोबाइलकडेही पाहवत नव्हते. त्याचे सर म्हणाले, अशाने मुलगा कणखर होतो. आपण सगळे फ्रेझियर आणि अली यांच्याबद्दल बोलत आहात. पण मला एवढेच विचारायचे आहे की, त्याने पुन्हा सरावाला कधी जावे, आणि मी हे विचारले तर त्याची मित्रांत चेष्टा होणार नाही ना?

शीवचे_डॉक्टर

ताई, बरे झाले विचारलेत. डोकेदुखी आणि प्रकाश सहन न होणे ही मेंदूला हादरा बसल्याची लक्षणे असू शकतात. त्याला न पडता हादरा बसू शकतो. आधी त्याला प्रत्यक्ष डॉक्टरांना दाखवा, शक्यतो खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना. लक्षणे पूर्ण जाईपर्यंत डोक्यावर एकही ठोसा नको. त्यानंतरही आधी चालणे-धावणे, मग बॅग, मग हलका सराव आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच स्पॅरिंग, अशा पायऱ्यांनी जायचे. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला तर तो अनेकपट घातक ठरू शकतो, आणि तरुण वयात हा धोका अधिक असतो. डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या, बोलणे अडखळले किंवा गुंगी आली तर वाट न पाहता रुग्णालयात न्या.

अशाने मुलगा कणखर होतो, या विधानाला वैद्यकशास्त्रात कोणताही आधार नाही. शरीराचे स्नायू ताणाने बळकट होतात. मेंदू माराने बळकट होत नाही.

भांडुप_ठोसा

ताई, चेष्टा झाली तर होऊ द्या. ज्या व्यायामशाळेत डोके दुखते हे सांगण्याची लाज वाटते, ती व्यायामशाळा बदलावी. आणि वजन ९६ आहे म्हणजे त्याला बरोबरीचा जोडीदार मिळत नसणार, म्हणून एखाद्या वयाने मोठ्या, तयार गड्यासमोर उभे केले जात असणार. आमच्याकडेही हीच अडचण आहे. अशा वेळी मी हलक्या वजनाच्या चपळ मुलासोबत, डोक्याला हात न लावण्याच्या अटीवर फेऱ्या घेतो. जड मुलाचे पाय त्यातून शिकतात आणि डोके वाचते.

रात्रपाळी_लोअरपरळ (धागालेखक)

सर्वांचे आभार. ताईंच्या प्रश्नाने चर्चेला योग्य वळण दिले.

माझा मूळ प्रश्न आता थोडा बदलून विचारतो. कठीण लढत द्यायचीच असेल, तर ती कोणत्या प्रकारच्या माणसासोबत द्यावी? जबर ठोसेवाल्यासमोर की न हलणाऱ्या, चिवट माणसासमोर? कारण डॉक्टरांचे म्हणणे वाचल्यावर मला वाटते की बोनावेना आणि कूपर यांची किंमत फार मोठी आहे.

चिंचपोकळी७४

माझे मत स्पष्ट आहे: चिवट, अनुभवी, ज्याला दहा फेऱ्या कशा काढायच्या हे ठाऊक आहे पण ज्याच्या हातात एका ठोशात झोपवण्याची ताकद नाही, असा माणूस हवा. माइक टायसनच्या पहिल्या १९ लढती नॉकआउटने संपल्या होत्या. मे १९८६ मध्ये, तो एकोणीस वर्षांचा असताना, जेम्स टिलिसने त्याला पूर्ण दहा फेऱ्या लढायला लावल्या. टिलिस सरकत राहिला, धरत राहिला आणि चौथ्या फेरीत पडल्यावरही उठला. त्याच महिन्यात मिच ग्रीननेही त्याला दहा फेऱ्या दिल्या. नोव्हेंबरमध्ये टायसन विश्वविजेता झाला. एका महिन्यात वीस फेऱ्या पदरात पडल्या आणि अंगावर फारसा ओरखडाही नाही, याहून स्वस्त शिक्षण हेवीवेटमध्ये मिळत नाही.

अर्धविराम

आणि चार वर्षांनी टोकियोत बस्टर डग्लसकडून टायसन हरला, तेव्हा त्या शिक्षणाचे काय झाले?

कोपऱ्यातले_स्टूल

तोवर टायसनचे प्रशिक्षक केविन रूनी यांना काढून टाकले होते, आणि कोपऱ्यातल्या माणसांकडे डोळ्याची सूज दाबायचे साधे लोखंडी साधनही नव्हते. बर्फाचे पाणी भरलेला रबरी हातमोजा डोळ्यावर धरून त्यांनी वेळ मारून नेली. शिकलेले टिकवायलाही कोणीतरी लागते.

पेराल्टाचा उल्लेख अजून कोणी केला नाही म्हणून करतो. फेब्रुवारी १९७० मध्ये ग्रेगोरिओ पेराल्टा याने, जो मुळात लाइट-हेवीवेट होता आणि चौतीस वर्षांचा होता, तरुण जॉर्ज फोरमनला दहा फेऱ्या नाचवले. चिंचपोकळीकर म्हणतात तसाच प्रतिस्पर्धी: हुशार, चिवट, फार जोराने न मारणारा. फोरमन गुणांवर जिंकला. पुढच्या वर्षीची दुसरी लढतही दहाव्या फेरीपर्यंत गेली. म्हणजे दम कसा पुरवायचा हे शिकण्याची संधी त्याला एकाच माणसाने दोनदा दिली. त्यानंतर फोरमनने फ्रेझियरला आणि नॉर्टनला दोन-दोन फेऱ्यांत संपवले, तो धडा कोणालाच आठवेनासा झाला, आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासाला अली दोरांना टेकून उभा राहिला. प्रतिस्पर्धी अचूक निवडला होता. तरीही आठव्या फेरीत फोरमनचे हात खाली आले.

माहीमचा_खाडीवारा

म्हणजे टिलिसचा धडा चार वर्षे टिकला, पेराल्टाचा टिकलाच नाही, आणि प्युरिटीचा सहा वर्षांनी उगवला. स्टूलराव, तुमच्या मते इटाउमाच्या कोपऱ्याने यातून काय घ्यावे?

कोपऱ्यातले_स्टूल

टिलिससारखा माणूस शोधावा, दहा फेऱ्यांची लढत ठरवावी, आणि मुलाला आधीच सांगावे की पहिल्या चार फेऱ्यांत नॉकआउटच्या मागे लागायचे नाही. अर्थात वीस वर्षांच्या मुलाला हे सांगणे सोपे आणि समोरचा डळमळताना दिसल्यावर त्याने ते ऐकणे अवघड. तिकिटे विकणाऱ्यांना तर ते मुळीच आवडणार नाही.

ठाकूरद्वारची_आई

डॉक्टरांना दाखवून आलो. सहा आठवडे स्पॅरिंग बंद, तोवर फक्त धावणे आणि नंतर बॅग. पुढच्या महिन्यातल्या जिल्हा स्पर्धेतून नाव काढून घेतले आहे. भांडुपच्या सरांनी सांगितलेली हलक्या मुलासोबतच्या फेऱ्यांची पद्धत त्याच्या नव्या सरांना दाखवली, त्यांनी होकार दिला आहे.

भांडुप_ठोसा

उत्तम केलेत. सहा आठवड्यांनंतर नव्या सरांना आमच्याकडे एखादा रविवार पाठवा. ९० च्या वरची दोन मुले माझ्याकडे आहेत आणि त्यांनाही जोडीदार मिळत नाही.